उलट्या घडीचा पेपर

पेपर उशिरा आला, तर आमच्या मोताळ्यात कोणी गाडीला दोष देत नसे. 'आज भाऊ बिघडले वाटते,' असं म्हणायचे आणि चहाचं आधण ठेवायचे. मग दारात सायकलची घंटी वाजायची, पेपर हातात पडायचा, आणि तो उलटा असायचा. उलटा म्हणजे आतलं पान बाहेर. पहिल्या पानावरचे मंत्री, अपघात, सोन्याचे भाव सगळे आत, आणि चौथ्या पानावरचा अग्रलेख वर, अगदी नाकासमोर.

हा उद्योग करणारे भाऊ म्हणजे प्रल्हाद सुरडकर, 'दैनिक घाटवार्ता'चे मोताळ्याचे एजंट. जिल्ह्यातला पेपर, पानं आठ, ऑफिस वर बुलढाण्याला. माझं झेरॉक्सचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे आणि घर दुकानाच्या मागं. पहाटे गाडीतून गठ्ठे उतरायचे ते माझ्या ओट्यावर, कारण तिथं बल्ब होता. "गजानन, तुह्या उजेडात वाचतो बापा, तुले पुण्य लागन," असं ते मला म्हणायचे. बिल मात्र मलाच लागायचं.

सुतळी सोडली की पेपर वाटायची घाई नाही. आधी दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा नाकावर, मग चौथं पान, मग उभ्यानं अग्रलेख. वाचताना ओठ हलायचे. पटला तर "हं" करून पुरवण्या घालायला बसायचे. नाही पटला तर चष्मा कपाळावर चढायचा आणि ते बल्बाकडं बघून सांगायचे, "हे मले पटलं नाही." मग सगळा गठ्ठा उघडून एकेक पेपर उलटा करत बसायचे. त्यात वेळ जायचा, म्हणून पेपर उशिरा.

एकदा मी विचारलं, "भाऊ, पटत नाही तर आत दडपा की. बाहेर काऊन काढता?"

"ज्याच्यासंगं भांडाचं त्याले लपवाचं नाही, गजानन. लोकायनं आधी त्याचं वाचाव. मंग माहं आयकाव. मंग ज्याले जे पटन ते."

माहं आयकाव म्हणजे काय, तर दारात पेपर देताना एक वाक्य. फार तर दोन. वाद घालायला थांबत नसत, लाइन, म्हणजे रोजची ठरलेली घरं, संपवायची असे. आमच्या गल्लीतले रिटायर मुख्याध्यापक लांडे सर एकदा चिडून म्हणाले, "अहो, ज्याच्यावर तुमची भाकर आहे त्यालाच रोज नावं ठेवता?"

"सर, मी पेपर इकतो. जीभ नाही इकली," भाऊ म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली. सर पेपर घेऊन दारातच उभे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "उद्धट आहे हो माणूस." पण पेपर बंद केला नाही त्यांनी. कोणीच केला नाही. खरं सांगू का, निम्मे लोक तो पेपर अग्रलेखासाठी नव्हे, भाऊंच्या एका वाक्यासाठी घ्यायचे.

दिसायला भाऊ उंच, खांद्यात वाकलेले. शर्टाचं गळ्याचं बटन बारा महिने लावलेलं. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो हे ज्यानं भोगलं त्यालाच माहीत. मे महिन्यात लोक म्हणायचे, "भाऊ, बटन तरी सोडा. जीव घाबरते पाहून." उत्तर ठरलेलं. "माहं बटन हाय. मले वाटन तवा सोडीन."

पोरीच्या लग्नात व्याह्यांनी फेट्याचा आग्रह धरला. भाऊ ऐकेनात. व्याही तापले, मानपानावर गोष्ट गेली, भाऊंची बायको रडकुंडीला आली. शेवटी सगळ्यांनी नाद सोडून दिला आणि जेवणाच्या पंगतीकडं गेले. पाहतात तर भाऊ कोपऱ्यात आरशासमोर स्वतःच फेटा बांधत होते. मी म्हटलं, "आता काऊन?"

"आता कोणी सांगून नाही राह्यलं," म्हणाले.

असा आडमुठा माणूस. पण कर बुडवणारा नव्हता, हे मी आताच सांगून ठेवतो, कारण पुढं त्यांच्या कर भरण्यावरूनच जे काही छापलं गेलं त्यानं माझं अजून रक्त उकळतं. आमच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगर पंचायत झाली. गावाचं शहर झालं म्हणजे काय झालं? रस्त्यातले खड्डे जिथल्या तिथं राहिले, नाल्या जिथल्या तिथं तुंबल्या, आणि घरपट्टी वाढली. भाऊ शिव्या घालत पहिल्याच दिवशी जाऊन भरून यायचे. पावती खिशात घातली की म्हणायचे, "भरली. आता भांडाले मोकया."

त्यांचं साधं म्हणणं होतं. "कर द्याच लागते. रस्ता का आभायातून पडते? पण कर घेतला म्हणजे माणूस इकत नाही घेतला." हे ते इतक्यांदा म्हणायचे की माझ्या पोरांनाही पाठ होतं.

आणि आमचा पेपर? आमच्या पेपरला माणसं सरळ करायची फार हौस. कोणतीही नवी पट्टी आली, नवा दंड आला की अग्रलेखात टाळ्या. लोकांना शिस्त नाही, लोक फुकटे आहेत, लोकांना वळण लावलं पाहिजे. हे लिहिणारे संपादक राहायचे बुलढाण्याला, थंड हवेत, आणि वळण लावायचं आम्हाला, घाटाखाली! एकदा त्यांनी लिहिलं की कॉलेजच्या पायऱ्यांवर मुलं-मुली एकत्र बसलेली दिसली तर त्यांचे फोटो काढून घरी पाठवावेत. भाऊंनी तो पेपर उलटा दिला. दुसऱ्या दिवशीचा अग्रलेख कापसाच्या भावावर होता, तोही उलटा. मी म्हटलं, "भाऊ, हा तर चांगला आहे."

"हाव, चांगला हाय. पण कालचा राग नाही उतरला."

फोटोंच्या अग्रलेखाच्या दिवशी दारोदार त्यांचं वाक्य होतं, "ज्यायचे पोट्टे त्यायले पाहू द्या. पेपरनं पेपर काढाव."

पण भाऊ चुकायचेही, आणि चुकले की कसे वागायचे ते ऐका. एका पहाटे त्यांचं वाचन अर्धं झालं आणि लाइट गेली. वाचलेल्या भागात लिहिलेलं होतं की शेतातल्या घरांवरही कर लावायला हवा. भाऊ तापले. अंधारातच सगळा गठ्ठा उलटा केला आणि घरोघर सांगत गेले, "आजचा ल्याख वाचून थुंका." दुपारी मी निवांत वाचला तर काय, वरचा भाग संपादकांनी दुसऱ्या कोणाचं मत म्हणून दिलेला, आणि खाली त्याला चांगला झोडलेला! अग्रलेख सगळा भाऊंच्याच बाजूचा. मी त्यांना दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि उठले. बाहेर डांबर वितळत होतं. मी म्हटलं, "उद्या सांगा की."

"शिवी आज देल्ली, न माफी उद्या मांगू?"

त्या उन्हात माणूस सायकल घेऊन सगळी लाइन पुन्हा फिरला. झोपलेल्या माणसांना उठवून सांगितलं, "सकायची घडी चुकली. ल्याख बराबर हाय, वाचजा." लोकांनी शिव्या घातल्या, काहींनी ताक पाजलं. एवढ्या वर्षांत पेपरनं कधी कोणाच्या दारात जाऊन 'आमचं चुकलं' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

आता सुमनबाईचं सांगतो.

माझ्या दुकानाच्या बाजूच्या गल्लीत दुसरं घर सुमनबाईचं. नवरा वारला, पोरगा पुण्याला कंपनीत, ही इथं ब्लाउज शिवते. शिलाई मशीन पुढच्या खोलीत, दाराजवळ, उजेडासाठी. नगर पंचायतीचे लोक मोजणीला आले, त्यांनी मशीन पाहिली आणि कागदावर लिहिलं, दुकान. झालं, घराचा कर गेला, दुकानाचा आला. बाईनं रीतसर हरकतीचा अर्ज दिला. ऑफिसात सांगितलं, सुनावणी होईल, कळवू. तोवर पट्टी थांबवून ती कळवायची वाट बघत बसली. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या अर्जाची झेरॉक्स माझ्याच मशीनवर निघाली.

त्या वर्षी नगर पंचायतीनं टूम काढली की ज्यांची घरपट्टी बाकी आहे त्यांच्या दारात डफडं वाजवायचं. लग्नात वाजवतात तेच डफडं. वसुलीचं पथक दारात उभं राहणार, डफडंवाला बडवणार, गल्ली गोळा होणार, आणि माणूस लाजून पैसे काढून देणार. आणि अशा कामाला पहिलं दार कोणाचं मिळालं? मोठमोठ्या बिल्डिंगा सोडून, हॉटेलवाले सोडून, सुमनबाईचं!

मी तिथं होतो. ती गळ्यात माप घ्यायची टेप तशीच घेऊन बाहेर आली. पदर डोक्यावर घेतला आणि पथकाच्या साहेबाला म्हणाली, "सायेब, माहा अर्ज हाय तुमच्याकडं."

साहेब म्हणाला, "ऐकायला येत नाही बाई, डफडं थांबू द्या."

आणि डफडं त्यानं थांबवलं नाही. वाजवणारा गणपत खाली मान घालून वाजवत होता. त्याचं पोट त्याच्यावर, त्याला मी काही म्हणत नाही. सुमनबाई ओरडून ओरडून सांगत होती, तोंड हलताना दिसत होतं, शब्द एक ऐकू येत नव्हता. पेपरचा माणूस मोबाइलवर फोटो काढत होता. गल्लीतली सगळी माणसं पाहत होती, मीही पाहत होतो. दुपारी एका घरची बाई येऊन लग्नाचे शिवायला टाकलेले ब्लाउज परत घेऊन गेली. म्हणे, तुमच्यावर जप्ती आली तर आमचं कापड अडकन. दुसरीही येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सुमनबाईचा चेहरा, उघडं तोंड, आणि दाराची चौकट. चौथ्या पानावर अग्रलेख, 'डफडं वाजलंच पाहिजे'. ज्यांना लाज नाही त्यांना ती आणून द्यावी लागते. अब्रू आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची भाषा कर भरणाऱ्यांनी बोलावी, बुडवणाऱ्यांच्या तोंडी ती शोभत नाही. असं सगळं. वाह रे! म्हणजे माणसाचं बोलायचं स्वातंत्र्य आता पावती दाखवून मिळणार. आणि जी बाई आपलं म्हणणं लिहून देऊन बसली आहे, ती बुडवी?

भाऊंनी वाचलं. "हे मले पटलं नाही," हे वाक्य त्या दिवशी आलंच नाही. ते ओट्यावर खाली बसले. मग म्हणाले, "गजानन, बुलढाण्याले जाचं हाय. तू चल. एकटा गेलो तं हात उचलला जाईन माह्याच्यानं."

पेपर उलटे करून, लाइन संपवून, आम्ही एसटीनं राजूरचा घाट चढून बुलढाण्याला गेलो. संपादकसाहेबांनी चांगलं बसवलं, चहा मागवला. गोड माणूस. म्हणाले, "प्रल्हादराव, अग्रलेख ही संस्थेची भूमिका असते. कर भरला नाही तर गाव चालेल कसं?"

"कर भराच लागते सायेब. त्याच्यावर माहं भांडणच नाही. तुमी सुमनबाईचा अर्ज पायला काय?"

"असे प्रत्येकाचे कागद बघत बसलो तर पेपर कधी काढायचा?"

"मंग फोटो काढाले टाइम कुठून भेटला?"

साहेब हसले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. हसून त्यांनी एका मुलीला हाक मारली, "भाऊंची प्रतिक्रिया घे, फोटो काढ. आपण दोन्ही बाजू छापतो." भाऊ खूश झाले. ताठ बसून सांगू लागले, मुलगी लिहून घेऊ लागली. मला ते सगळं आठवतं, कारण त्यांनी प्रत्येक वाक्य दोनदा सांगितलं. "कर भराच लागते. मी पयल्या दिवशी भरतो. पण जे बाई अर्ज देऊन बसली, तिच्या दारात डफडं वाजवणं म्हणजे तिचं तोंड दाबणं हाय. सरकारनं दाबलं ते दाबलं, पेपरनं दाबणाऱ्याची बाजू घेतली. याची मले लाज वाटते, कारण हा पेपर मी वाटतो." फोटोसाठी हसा म्हटलं तर हसलेही.

परतीच्या गाडीत, घाट उतरताना, त्यांनी गळ्याचं बटन सोडलं. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. "छापन म्हणते," ते मला म्हणाले. "पाय, बोलून पायलं पायजे. मानसं वाईट नसते."

सकाळी गठ्ठा उतरला. चौथ्या पानावर, अग्रलेखाच्या शेजारी, चौकटीत भाऊंचा हसरा फोटो. वर ठळक मथळा, 'कर भरलाच पाहिजे!' खाली, 'मोताळ्याचे वितरक प्रल्हाद सुरडकर यांचा डफडे मोहिमेला पाठिंबा'. आणि मजकूर दोन ओळींचा. कर भरावाच लागतो, मी पहिल्या दिवशी भरतो. बस. पुढचं सगळं गायब.

हरामखोर! दुसरा शब्द नाही माझ्याकडे, आणि सापडला तरी वापरणार नाही. खोटं छापलं म्हणावं तर प्रत्येक शब्द भाऊंचाच होता. नुसतं मागचं कापलं आणि माणूस उभ्या गावासमोर उलटा उभा केला.

स्टँडवरची पोरं जमली होती. एकजण म्हणाला, "भाऊ, लावा बे आग या गठ्ठ्याले. एकबी पेपर जाऊ नका देऊ." मला पटलं होतं. काडेपेटी मीच आणली असती.

"खबरदार," भाऊ म्हणाले. "लोकायनं पैसे देल्ले वाचाचे. त्यायनं काय वाचाव हे मी ठरवू? मंग माह्यात न त्या डफड्यात काय फरक?" आणि ते बसले उलटे करायला. बटन पुन्हा लागलेलं. अग्रलेख वर, शेजारी स्वतःचं हसरं तोंड वर. मी म्हटलं, "भाऊ, आज तरी सरळ द्या, तुमचा फोटो दिसते." ते म्हणाले, "माहं थोबाड वरच असू दे. लोकायनं पाहाव न मंग विचाराव."

त्या दिवशी लाइन दुपारपर्यंत संपली नाही. एकेका दारात उभं राहून, कापलेली वाक्यं, जशीच्या तशी, पुन्हा पुन्हा. कोणी ऐकलं, कोणी 'असू द्या भाऊ, पेपरात नाव तर आलं' म्हणून हसलं. लांडे सरांनी चष्मा काढून शेवटपर्यंत ऐकलं, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

सगळ्यात शेवटी ते सुमनबाईकडे गेले. ती पेपर घेत नव्हती, पण तिला कोणीतरी आधीच दाखवला होता. ती दारात आली. "भाऊ, तुमीबी?" एवढंच म्हणाली, आणि दाराचं एक फळकुट लोटून घेतलं. भाऊ त्या अर्ध्या दारासमोर उभं राहून सगळं बोलले. मग सायकल हातात धरून गल्लीबाहेर आले.

दोन-चार दिवसांत बुलढाण्याहून फोन आला. माझ्या ओट्यावरच घेतला त्यांनी. पेपर सरळ वाटायचा, गिऱ्हाइकाशी पेपराविषयी बोलायचं नाही, कबूल असेल तर एजन्सी राहील. भाऊंच्या घरी दुसरं उत्पन्न नव्हतं. थोडी कोरडवाहू जमीन होती, ती त्यांच्या भावाकडं कसायला होती. मी खुणेनं सांगत होतो, हो म्हणा, हो म्हणा.

"सायेब," भाऊ फोनमध्ये म्हणाले, "घडी मी सरय करतो. तोंड नाही करत." पलीकडून काही बोलणं झालं. "हाव. मंग घ्या काढून," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला, जसा काही तो माझा होता.

एजन्सी गेली. एक तरुण मोटरसायकलवाला आला, तो फाटकातून पेपर फेकून जायचा, वेळेवर. डफडं आणखी थोडे दिवस वाजलं, मग नगर पंचायतीच्या साहेबाची बदली झाली आणि ते थंडावलं. सुमनबाईची सुनावणी झाली, तिचं घर पुन्हा घर ठरलं. पण तोवर तिनं भीतीनं मशीन मागच्या अंधाऱ्या खोलीत नेली होती, आणि ती तिथंच राहिली. पेपरनं फोटो छापला होता तेवढ्या जागेत ही बातमी सहज मावली असती. एक ओळ नाही आली. मी रोज शोधत होतो.

भाऊ पहाटे यायचे थांबले नाहीत. त्या पोराकडून रोख पैसे देऊन एक पेपर विकत घ्यायचे, माझ्या बल्बाखाली वाचायचे, आणि न पटलेला असेल तर उलटा करून माझ्या ओट्यावर ठेवून जायचे. झेरॉक्सला आलेली माणसं आधी तो उचलायची. सुमनबाईच्या गल्लीतून मात्र ते जात नसत. स्टँडला वळसा घालून घरी जायचे.

मग तो दिवस आला. मी खोटं बोलत नाही, त्या दिवशी मला दिवाळी झाल्यासारखं वाटलं. झालं असं की नगर पंचायतीनं बोर्डांवर कर लावला. चौकात 'घाटवार्ता'चा भला मोठा बोर्ड होता. पेपरनं कर भरला नाही, हरकतीचा अर्ज दिला. पण नवा साहेबही आधीच्याच माळेतला. त्यानं क्रेन आणून बोर्ड उतरवला आणि भर चौकात आपटला. दुसऱ्या दिवशी अग्रलेख! हा विचारस्वातंत्र्यावर घाला आहे. आमची हरकत प्रलंबित असताना, आमचं म्हणणं न ऐकता, सर्वांसमक्ष मानहानी करण्याचा अधिकार यांना कोणी दिला? कर भरायला आमची ना नाही, पण कराच्या नावाखाली कोणाचा आवाज दाबता येणार नाही.

मी भाऊंच्या आधी वाचला होता. पेढे मागवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. भाऊ आले, पैसे दिले, पेपर उघडला. ओठ हलू लागले. मी वाट पाहत होतो की आज हे काय बोलतात. त्यांनी संपवला, आणि वरपासून पुन्हा वाचला.

"हं," म्हणाले. "हे पटलं मले." आणि त्यांनी पेपराची सरळ घडी घातली.

माझं डोकंच फिरलं. "भाऊ! तुमची एजन्सी खाल्ली यांनी! तुमच्या तोंडात खोटं घातलं! आज यांच्या बोर्डाला लागलं तर स्वातंत्र्य आठवलं?"

"खाल्ली. घातलं. उशिरा आठवलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण पेपराची घडी ते अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबत होते. मला वाटतं तो राग होता, माझ्यापेक्षा मोठा. "म्हणून ल्याख खोटा होते काय, गजानन? अर्ज देल्ला असन तं आधी आयका, हेच तं मी बोंबलत होतो."

तो पेपर ते ओट्यावर ठेवतील असं मला वाटलं. ठेवला नाही. काखेत घातला आणि वळसा न घालता सरळ सुमनबाईच्या गल्लीत शिरले.

भाऊंना मी नीट पाहिलं ते त्या वेळी शेवटचं. त्याच दुपारी ते मलकापूरला लेकीकडे गेले, तिथं आजारी पडले आणि परत आले नाहीत. म्हणून ते मी पुनःपुन्हा आठवतो. ओट्यावरून सुमनबाईचं दार दिसतं. त्यांनी पायरीवर पाय न देता खालूनच हाक मारली. ती आली, गळ्यात टेप, दाराचं एक फळकुट अजून लावलेलं, त्या दिवसापासून ती तसंच ठेवायची. भाऊंनी पेपर पुढं केला.

"वाच, सुमन. हे तुह्यासाठी लिवलं त्यायनं. त्यायले माईत नाही."

तिनं पेपर घेतला आणि उभ्यानंच, अर्ध्या दारात, वाचू लागली. भाऊ खाली सकाळच्या कोवळ्या उजेडात उभे, गळ्याचं बटन लावलेलं, हात मागं, पेपर संपायची वाट बघत. मध्ये तिनं एकदा डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा वाचू लागली. वाचून झाल्यावर तिनं मागं सरून दुसरं फळकुट उघडलं.

"या भाऊ," ती म्हणाली. "बसा. चहा ठेवतो."

भाऊंनी चपला पायरीशी काढल्या आणि आत गेले.